दोन ओळंबे

२ डिसेंबर

आजपासून ही वही. कामाच्या टिपणांपलीकडे आयुष्यात काही लिहिलं नाही, पण असं काम पुन्हा येईल असं वाटत नाही, म्हणून नोंद राहू दे.

मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई सकाळी स्वतः कारखान्यात आल्या. पुढे केलेल्या खुर्चीवरची दगडाची धूळ न पुसता बसल्या, तिथंच मला माणूस आवडला. शाळेच्या अंगणात सूर्यघड्याळ हवंय. दगडाची तबकडी, मधोमध पितळी काटा, आणि काट्यापासून थेट उत्तरेकडे जाणारी एक लांब रेघ. "मुली त्या रेघेवर उभ्या राहतील आणि दिशा शिकतील," बाई म्हणाल्या. "शंभर वर्षं टिकलं पाहिजे." मी म्हटलं, दगड पाचशे टिकेल, शाळेचं तेवढं तुम्ही बघा. हसल्या.

जन्मभर मी कोनशिला कोरल्या नाहीतर मेलेल्यांच्या पाट्या. कोनशिलेवरचं नाव दोन वर्षांत कोणी वाचत नाही, आणि मेलेला माणूस एखादी वेलांटी चुकली म्हणून भांडायला येत नाही. इथं तसं नाही. रेघ चुकली तर पोरींच्या पिढ्यान्‌पिढ्या चुकीची उत्तर दिशा शिकतील, आणि दगडाच्या खाली माझी निशाणी असेल.

ही म्हणाली, "काम घेतलंत ते चांगलं झालं. पण सुरू करण्याआधी एकदा डोळे दाखवून येऊ या का?" लग्न झाल्यापासून हिचं हे असं आहे. मी पाऊल उचललं की हिला आधी खड्डा दिसतो. चष्मा आहे की मला.

५ डिसेंबर

दगड मिळाला. काळा, घट्ट, वाजवला की भांड्यासारखा वाजतो. अंगणातला चौथरा गवंड्यानं बांधून ठेवलाय.

अक्षरं नेहमीप्रमाणे हिनं आखून दिली. मी कोरणारा, आखणारी ती, हे पहिल्यापासून. पण हल्ली खडू इतका जाड धरते की एका ओळीत अर्धी कांडी संपते. बोललो तर म्हणते, बारीक खडू मिळत नाही. परवा घराच्या पायऱ्यांच्या कडांना तिनं पांढरे पट्टे मारले. शोभा म्हणे. साठीला आल्यावर बाईला घर सजवायची हौस यावी, याला काय म्हणायचं.

या वहीच्या रेघाही किती फिक्या छापल्यात. कंपन्या हल्ली शाईतसुद्धा काटकसर करतात.

९ डिसेंबर

आज उत्तर दिशा धरली. पद्धत लिहून ठेवतो, पुढे कोणाला तरी उपयोगी पडेल.

होकायंत्र चालत नाही. एक तर त्याची उत्तर खऱ्या उत्तरेपासून जरा फटकून असते, आणि शाळेच्या भिंतीत इतकं लोखंड आहे की सुई भुलते. माझ्या वस्तादांचं म्हणणं असे, सुई लोखंडाला विकली जाते, तारा कोणाला विकला जात नाही. तर चौथऱ्याच्या मधोमध एक ओळंबा टांगायचा. तो पक्का, हलवायचा नाही. चार पावलं उत्तरेला दोन बांबूंवर उंच आडवी पट्टी बांधायची आणि तिच्यावर दुसरा ओळंबा, सरकेल असा. दोन्ही ओळंब्यांची वजनं पाण्याच्या बादल्यांत सोडायची, म्हणजे वाऱ्यानं झुलत नाहीत. मग एकानं पहिल्या दोरीमागं बसून डोळा लावायचा आणि दुसऱ्यानं स्टुलावर उभं राहून पट्टीवरची दोरी सरकवायची. पहिली दोरी, दुसरी दोरी आणि ध्रुव एका रेषेत आले की खाली खूण. हे एकट्या माणसाचं काम नाही.

दिवेलागणीनंतर गेलो. मी बसलो, ही बॅटरी घेऊन स्टुलावर. डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी नसतात, शर्मिष्ठेवरून ध्रुव शोधायचा. पण आकाश धुरकट होतं, शर्मिष्ठा काही दिसली नाही. अडलं नाही. उत्तरेला टेकडीच्या अंगाला, हात लांब केला की वीतभर उंचीवर, नजर जरा तिरपी धरली की एकच तारा स्वच्छ दिसत होता.

ही वळून वळून मागं बघत होती. "अहो, तुम्ही नक्की कुठला बघताय?"

"एकच तर आहे तिथं."

तिनं पुन्हा एकदा मागं वळून बघितलं. मग म्हणाली, "टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीचं काम झालं वाटतं. वर दिवा लावलाय." मी म्हटलं, गावगप्पा घरी गेल्यावर, दोरीकडे लक्ष दे.

आणि माझ्यावर कोणी उतावीळपणाचा आरोप करू नये म्हणून हेही लिहितो. ध्रुवाची परीक्षा एकच, तो जागा सोडत नाही. दोरी लावून मी बसून राहिलो. हिला दोनदा स्टुलावरून उतरून पाय मोकळे करावे लागले, इतका वेळ. तारा हलला नाही. वस्ताद म्हणायचे की ध्रुवसुद्धा केसभर फिरतोच. माझा तेवढाही फिरला नाही. खूण केली आणि घरी आलो. फार वर्षांनी हातून काहीतरी निखळ झाल्यासारखं वाटतंय.

ही जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

१० डिसेंबर

गवंडी फोन घेऊन आला. "काका, फोनमधलं होकायंत्र तुमच्या खुणेच्या उजवीकडे दाखवतंय. वीतभर तरी." मी त्याला लोखंडाचं सांगितलं. त्यानं मान हलवली, पण पटलं नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत. स्वतःला ओळंबा धरता येत नाही म्हणून फोन.

तरी दुपारी सावलीवरून पडताळा घ्यायला बसलो. दोरीची सावली धड उमटेचना, कडा सगळ्या विरलेल्या. ऊनच मवाळ होतं. घरी आलो तर ही म्हणते, काय कडक ऊन पडलंय, डोकं झाकून तरी जायचं.

१४ डिसेंबर

हिनं धोशाच लावला की त्या दिवशी दोरी धरताना तिचा हात कापत होता, पुन्हा एकदा माप घेऊ. शेवटी गेलो. शर्मिष्ठा आजही नाही. ध्रुव आपल्या जागी.

मी म्हटलं, केसभर उजवीकडे. तिनं दोरी चांगली वीतभर सरकवली आणि वर म्हणते, "आता बघा बरं. इथं नाही का येत?" मी म्हटलं, तिथं काय आहे, नुसता अंधार आहे. ती म्हणाली, "नीट बघा ना." आवाज रडवेला. मी चिडलो. एवढं सोपं काम, केसभर म्हणजे केसभर. दोरी परत आणायला लावली. खूण जुन्या खुणेवरच पडली.

येताना ती माझ्या पुढे चालत होती. मला वाटतं, हिचं वय होत चाललंय. हात कापतो, सांगितलेलं कळत नाही, मी चहा ओततो तेव्हा माझा कपच भलतीकडे ठेवते आणि चहा बशीत जातो. मुलीला फोनवर हळूच सांगितलं, तुझ्या आईकडे लक्ष द्यायला हवं, तिला बहुधा मोतीबिंदू होतोय. मुलगी परगावी असते, दवाखान्यात नर्स आहे. सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "बाबा, असं करा. आईला घेऊन तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि तिला भीती वाटू नये म्हणून आधी तुमचे तपासून घ्या." गुणाची पोर आहे. आईच्या कलानं घेणं तिला बरोबर कळतं.

१८ डिसेंबर

हे लिहावं की नाही.

सोमवारी गवंडी तबकडी बसवणार, म्हणून शेवटचं सगळं बघायला शाळेत गेलो होतो. ही शिपायाकडे किल्ली मागायला गेली आणि मी अंगणात एकटा थांबलो. चौथऱ्यावर बसून उगाच ध्रुवाकडे बघत होतो.

तेवढ्यात गावची वीज गेली. रस्ता, घरं, सगळं एकदम काळं. मला बरंच वाटलं. म्हटलं, आता आकाश उघडेल, आता शर्मिष्ठासुद्धा दिसेल.

वर बघितलं तर ध्रुव नव्हता.

डोळे चोळले. चष्मा पुसला. उठून चौथऱ्याला हात लावून बघितला, की मी फिरलो तर नाही ना. दिशा तीच होती. तिथं काही नव्हतं. कुठेच काही नव्हतं. मग वीज आली, रस्त्यावरचे दिवे लागले, आणि टेकडीच्या अंगाला माझा तारा पुन्हा लागला.

ध्रुव काही वीज कंपनीच्या हातात नसतो.

ही किल्ली घेऊन आली. "दिवे गेले तेव्हा घाबरला नाहीत ना?" मी म्हटलं, मी कशाला घाबरतोय. वाटेत तिनं माझा दंड धरला. तसा ती रोजच धरते. तिला अंधारात भीती वाटते म्हणून धरते असं मी समजत होतो.

१९ डिसेंबर

काम केलं नाही. छिन्नीला धार लावत बसलो.

एक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे बघितलं. मग दुसरा झाकून. ज्या गजाकडे बघतो तोच नाहीसा होतो, बाजूचे राहतात. भिंतीवरच्या घड्याळाचं तेच. आकडे आहेत, मधले काटे नाहीत.

जेवताना ही समोर बसली होती. तिच्याकडे बघितलं. केस दिसले, कान दिसले, खांद्यावरची शाल दिसली. तोंडाच्या जागी काही नाही. नुसता करडा डाग. हे केव्हापासून असं आहे ते मला सांगता येणार नाही. मी तिचं तोंड रोज आठवणीतून भरत होतो आणि मला वाटत होतं मी बघतोय. तिच्या चेहऱ्यावर आता कुठं सुरकुत्या आल्या असतील, मला माहीत नाही. ती माझ्याकडे बघून हसत असेल तर तेही माहीत नाही.

"काय बघताय?" तिनं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, मीठ दे.

२० डिसेंबर

सोमवार उद्यावर आला.

गप्प बसलो तर कोणाला कळणार आहे. तबकडी देखणी झाली आहे. मोठ्या बाई खूश होतील, पोरी रेघेवर उभ्या राहतील, आणि वीतभर चूक कोण मोजायला बसलंय. गवंड्याच्या फोनला मीच खोटं पाडलंय. बोललो तर रेघ सुधारेल, पण मग मी संपलो. ज्याला टाकीवरचा दिवा आणि ध्रुव यातला फरक कळत नाही, त्याच्याकडे कोण आपल्या आईच्या नावाची पाटी देईल. मला दुसरं काही येत नाही. मला फार भीती वाटते आहे. हे इथं लिहितो, कारण ही वही दुसरं कोणी वाचणार नाही.

पण एखादी पोर कधीतरी त्या रेघेवर उभी राहून खरोखरच ध्रुव शोधेल. तिथं तिला दिवा दिसेल.

२१ डिसेंबर

पहाटे स्वयंपाकघरात गेलो. ही चहा करत होती. मी दारातूनच सांगितलं, "रेघ चुकली आहे. तो तारा नव्हता. मला दिसत नाही."

गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ती म्हणाली.

मला राग आला. वाटलं नव्हतं येईल, पण आला. मी म्हटलं, मग दोन-दोन वेळा मला तिथं बसवून माझा तमाशा बघत होतीस? तोंड नव्हतं तुला?

"होतं की. टाकीवर दिवा लावलाय म्हणून सांगितलं. दोरी योग्य जागी नेऊन दाखवली. डॉक्टरकडे चला म्हणून वर्षभर सांगतेय. तुम्ही कधी ऐकून घेतलंत? डोळ्यांचा विषय काढला की दोन दिवस अबोला." भांडं आपटलं तिनं. ती भांडी आपटत नाही कधी. "एकटीनं जाऊनही बघितलं, तुम्ही दुपारी झोपला होतात तेव्हा पट्टी-बादल्यांची तयारी करून संध्याकाळी गेले, भाजी आणायला म्हणून. स्टुलावर चढायचं, दोरी सरकवायची, उतरायचं, तिकडं जाऊन डोळा लावायचा, की चुकलेलं. परत चढायचं. नाही जमलं. एकटीला जमलं असतं ना, तर केव्हाच बरोबर करून ठेवलं असतं आणि तुम्हाला कळूसुद्धा दिलं नसतं."

"गवंड्याला घेऊन जायचंस."

"मग त्याला सांगावं लागलं असतं, कशाला ते."

मी खाली बसलो. तिनं चहा माझ्या हातात दिला आणि माझी बोटं कपाच्या कानात अडकवली. वर्षभर तेच करत असणार. ती रडत होती हे मला श्वासावरून कळलं, तोंडावरून नाही, आणि तेही मी तिला सांगितलं. मग ती आणखीच रडली.

गवंड्याला मीच फोन केला. म्हटलं, आज तबकडी बसवू नकोस, खूण चुकीची आहे, तुझा फोन माझ्यापेक्षा जवळ होता. तो म्हणाला, "असू दे हो काका, लोखंडानं झालं असेल." मी म्हटलं, लोखंडानं नाही. माझे डोळे गेलेत. तो म्हणाला, "मग आता बघणार कोण?"

"ही बघेल."

मोठ्या बाईंना शाळेत जाऊन समोरासमोर सांगितलं. त्यांनी काम काढून घेतलं असतं तरी मी काही म्हणणार नव्हतो. त्या म्हणाल्या, घड्याळाच्या उद्घाटनाला अजून अवकाश आहे, तुम्ही दोघांनी मिळून करा. आणखी काही म्हणाल्या नाहीत. बरं झालं.

२२ डिसेंबर

डॉक्टर तरुण आहे, समजावून सांगतो. नजरेचा मधला भाग गेलाय तो परत येणार नाही. डोळ्यांत सुया देऊन उरलेलं वाचवता येईल, बहुतेक. "वर्षभरापूर्वी आला असता तर," एवढं म्हणून तो थांबला. ही शेजारी बसली होती. मला वाटलं, आता म्हणेल, मी सांगत होते. ती म्हणाली नाही.

२३ डिसेंबर

आज उत्तर दिशा धरली.

आकाश स्वच्छ होतं, असं ही म्हणाली. ती पहिल्या ओळंब्यामागं बसली, माझ्या जागेवर. मी स्टुलावर. चढताना तिनं धरलं, आणि वर गेल्यावर बजावलं की पट्टीचा आधार सोडायचा नाही. बॅटरी माझ्या गळ्यात, एक हात पट्टीवर, दोरी दुसऱ्या हातात. आता पाठ ध्रुवाकडे आणि तोंड तिच्याकडे. दोन्ही दिसत नव्हते.

"शर्मिष्ठा वर आलीय," ती म्हणाली. "पाचही तारे आहेत. एक जरा मंद आहे. तिच्या खाली, बरंच खाली, आपला. टाकीचा दिवा त्याच्या डावीकडे आहे, जास्त उजेड त्याचाच. तुमची चूक नाही हो, कोणालाही तोच आधी दिसेल." मी म्हटलं, कोणालाही नाही, मला. लाव डोळा.

हिची पद्धत माझ्यासारखी नाही. मी भराभर सांगत सुटतो. ती एकदा सांगते आणि थांबते, दोरी स्थिर होईपर्यंत. उजवं-डावं मी तुमच्या हातानं सांगेन, माझ्या नाही, असं तिनं पहिल्यांदाच ठरवून घेतलं, कारण समोरासमोर उभं राहिलं की उजवं-डावं उलटतं. मला इतक्या वर्षांत हे सांगायचं कधी सुचलं नव्हतं. ती आपलं आपण उलटून घेत आली.

"डावीकडे." थांबली. "अजून थोडं." थांबली. वाऱ्याची एक झुळूक गेली, ती जाऊ दिली. पाय दुखायला लागले होते. मनात आलं, खाली पडलो तर दोरी जाईल, आणि मग हिला पुन्हा पहिल्यापासून.

"केसभर," ती म्हणाली. मी केसभर सरकवली. केस किती असतो ते माझ्या बोटांना अजून माहीत आहे.

"आता हलू नका."

आता तिनं तिथून उठायचं, चार पावलं चालत यायचं आणि माझ्या पायाशी दोरीखाली खूण करायची. तोपर्यंत मी थांबायचं. ती उठल्याचं ऐकू आलं. खडू सापडेना म्हणून तिनं शोधला. मग पावलं, सावकाश, बादलीला धक्का लागू नये म्हणून वळसा घेऊन.

मी हललो नाही.